आडवा रस्ता : गुहागर ते विजापूर

महाराष्ट्राच्या नकाशावर मोठे रस्ते बघितले तर बहुतेकांचं तोंड मुंबईकडे दिसतं. पुण्या-बंगळुराकडचा, नाशिक-आग्र्याचा, गोव्याचा, अहमदाबादचा, सगळे मुंबईतून निघतात किंवा मुंबईत येऊन मिळतात. गेल्या दीड-दोनशे वर्षांत व्यापार, नोकरी आणि सत्ता यांनी या राज्याला जी दिशा दिली, तीच रस्त्यांनी उचलली.

गुहागर-विजापूर रस्ता मुंबईच्या वाटेला जातच नाही. अरबी समुद्राच्या काठावर नारळी-पोफळीच्या बागांतून तो निघतो, वाशिष्ठीच्या खोऱ्यातून चिपळूण गाठतो, कुंभार्ली घाटाने सह्याद्री चढतो, कोयनेचं बोट धरून कराडला येतो, मग कडेगाव, विटा, खानापूर, नागज, जत करत कर्नाटकात शिरतो. लांबी तीनशे किलोमीटरहून जास्त. मुंबई-गोवा, पुणे-बंगळूर आणि रत्नागिरी-नागपूर हे तिन्ही महामार्ग त्याच्या वाटेत आडवे येतात. खरं तर तोच त्यांना आडवा जातो. कित्येक दशकं सरकारी दप्तरात तो ‘राज्य मार्ग क्रमांक ७८’ होता. आता त्याला राष्ट्रीय महामार्ग १६६ ई असा नवा क्रमांक मिळाला आहे. क्रमांक बदलला तरी त्याचा स्वभाव अजून खेड्यापाड्यांच्या रस्त्याचाच आहे: बाजाराच्या दिवशी तुंबणारा, उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे रांगणारा, पावसाळ्यात दरडीच्या धाकात राहणारा.

हा रस्ता आज आडबाजूचा वाटतो. एके काळी तो आडबाजूचा नव्हता. हा बदल कसा झाला ते समजलं की महाराष्ट्राच्या भूगोलाचे आणि राजकारणाचेही काही धागे हाती लागतात.

बंदर आणि राजधानी

वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तर तीरावर दाभोळ आणि दक्षिण तीरावर अंजनवेल. आज दाभोळ हे फेरीबोटीचं गाव म्हणून लोकांना माहीत असतं. बहामनी काळात मात्र ते पश्चिम किनाऱ्यावरच्या नामांकित बंदरांपैकी एक होतं. पंधराव्या शतकात हिंदुस्थानात येऊन राहिलेला रशियन व्यापारी अफनासी निकितीन परतीच्या प्रवासाला इथूनच जहाजात बसला. बहामनी राज्य फुटल्यावर दाभोळ विजापूरच्या आदिलशाहीकडे गेलं. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने हे शहर जाळलं. त्याच वर्षी चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता, त्याचा तो सूड होता. दाभोळ त्यातूनही पुन्हा उभं राहिलं. किनाऱ्यावरची सतराव्या शतकातली शाही मशीद आजही आदिलशाही वळणाचे मिनार आणि घुमट मिरवते. विजापूरची एक शाहजादी हजला निघाली असताना इथे थांबली आणि तिने ही मशीद बांधवली, असं गावात सांगतात.

आता नकाशावर दाभोळ आणि विजापूर यांच्यामध्ये एक रेघ ओढावी. अरबस्तानातून येणारे घोडे, हजचे यात्रेकरू, परदेशी माल हे सगळं पठारावर चढवायचं, आणि पठारावरचं कापड, धान्य किनाऱ्यावर उतरवायचं, तर सह्याद्रीच्या कुठल्या तरी घाटाने जावं लागणारच. भरतीच्या पाण्यावर गलबतं वाशिष्ठीच्या खाडीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत येत. तिथून पुढे बैलांच्या पाठीवर गोण्या चढत आणि तांडे घाटाला लागत. राजधानीतल्या सरदारांचेही हात या व्यापारात होते. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी मारल्या गेलेल्या अफझलखानाची स्वतःची मालवाहू जहाजं दाभोळ बंदरात होती, असं इंग्रज वखारीच्या पत्रव्यवहारातून कळतं.

आदिलशाही १६८६ मध्ये बुडाली. राजधानी गेली तरी घाट राहिला, कारण पोटाला राजधानी लागत नाही. कोकणातून मीठ, खारी मासळी, नारळ, सुपारी वर जायची. घाटावरून गूळ, मिरची, डाळी, कांदे, तंबाखू खाली यायचं. ब्रिटिश अमदानीत घाटात गाडीरस्ता झाला आणि बैलाच्या पाठीवरचं ओझं छकड्यात आलं. चिपळूण हे कोकण आणि घाटमाथा यांच्यामधल्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं. मुंबईशी त्याचा संबंध समुद्रमार्गे होता, आणि कराडचाही मुंबईशी बराचसा संबंध चिपळूणमार्गेच होता.

मग १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे-मिरज रेल्वे सुरू झाली. कराडच्या व्यापाऱ्याला माल घाट उतरवून गलबतात भरण्याची गरज राहिली नाही. वखारीतला गूळ थेट डब्यात जाऊ लागला. गोवळकोटच्या धक्क्यावरची वर्दळ ओसरत गेली. महाराष्ट्राची वाहतूक आडवी होती ती उभी झाली, आणि एका जुन्या व्यापारी मार्गाचा ग्रामीण रस्ता झाला.

हिरव्या दगडाचा रस्ता

‘राज्य मार्ग’ ही वर्गवारीच मुळात तशी नवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी वाढल्या, तेव्हा देशातले रस्ते कोणी बांधायचे आणि पैसा कुठून आणायचा असा प्रश्न आला. त्यासाठी १९२७ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. रस्त्यांची देखभाल प्रांतांच्या आणि स्थानिक मंडळांच्या आवाक्याबाहेर चालली आहे, केंद्राने हातभार लावला पाहिजे, आणि तो पैसा पेट्रोलवरच्या जादा करातून उभा राहावा, असं समितीने सुचवलं. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. रस्ता वापरणाऱ्याने रस्त्याचा खर्च उचलावा हे तत्त्व तेव्हापासून आपल्याकडे रुजलं आहे.

दुसरं पाऊल १९४३ चं. देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची आखणी केली. तीच ‘नागपूर योजना’. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे पुढे राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथे पक्की झाली. किलोमीटरच्या दगडाच्या माथ्यावरचा रंग ती उतरंड दाखवतो: राष्ट्रीय महामार्गाला पिवळा, राज्य मार्गाला हिरवा.

हिरव्या दगडाच्या रस्त्याचा मालक राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग. त्याची काळजी घेणारा माणूस म्हणजे मैलकुली. ठरलेल्या टापूतले खड्डे मुरूम-खडीने भरायचे, पावसाआधी चर उकरायचे, मोऱ्यांतला गाळ काढायचा, कडेच्या वडांना चुन्याचे पट्टे द्यायचे, हे त्याचं काम. गावागावांत त्याला नावाने ओळखत. पुढे ठेकेदारी आली आणि ही माणसं हळूहळू कमी झाली. घाटात मोरी तुंबली की पाणी रस्त्यावरून धावतं, डांबराखालचा भराव पोखरतं आणि एका रात्रीत कड खचते. घाटरस्त्याचं आयुष्य डांबराच्या थरापेक्षा पाण्याच्या वाटेवर जास्त अवलंबून असतं, हे त्या मैलकुलीला शिकवावं लागत नसे.

खाडीपासून पायथ्यापर्यंत

गुहागर म्हणजे व्याडेश्वराचं देऊळ, लांबलचक पुळण आणि जांभ्याच्या गडग्यांआडच्या वाड्या. रस्ता निघतो तो लगेच सड्यावर चढतो. शृंगारतळी, मार्गताम्हाने ही बाजाराची गावं घेत सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर चिपळूण येतं.

रस्त्याच्या या टोकाला १९९० च्या दशकात सगळ्या जगाचं लक्ष लागलं, ते अंजनवेलजवळच्या वीजप्रकल्पामुळे. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या दाभोळ वीज कंपनीने १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू केली. तिचा दर राज्य वीज मंडळाला पेलवेना, वाद पेटला आणि २००१ मध्ये प्रकल्प थांबला. त्याच वर्षी अमेरिकेत एन्रॉनचंही दिवाळं निघालं. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन होऊन तो पुन्हा मार्गी लावण्याचा खटाटोप झाला. दाभोळला बंदर म्हणून जो मान पूर्वी होता, तो आता द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवणाऱ्या जेट्टीच्या रूपाने समोरच्या किनाऱ्याला मिळाला आहे.

चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्ग भेटतो. शहर वाशिष्ठी आणि शिव नदीच्या कुशीत, भरतीचं पाणी पोचेल इतक्या सखल जागी वसलेलं. २२ जुलै २०२१ ला अतिवृष्टीच्या पाण्याने बाजारपेठ बुडाली, घरांच्या पहिल्या मजल्यांपर्यंत पाणी चढलं आणि वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचंही नुकसान झालं. ज्या खाडीने चिपळूणला व्यापार दिला तिच्यात आज गाळ साठला आहे, आणि तो काढण्याची मागणी हा त्या पुरानंतर शहरातल्या लोकांच्या आंदोलनाचा विषय झाला.

नाक्यावरून कराडकडे वळलं की खेर्डीची औद्योगिक वसाहत, मग पिंपळी, अलोरे, शिरगाव, पोफळी. अलोरे ही कोयना प्रकल्पाची वसाहत. इथपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट आहे. समोर सह्याद्री एकदम उभा राहतो.

सगळ्यांनी इथेच का ओलांडलं

कुंभार्ली घाट साधारण सहाशे मीटर उंचीवर नेतो. बारा-पंधरा किलोमीटरची नागमोडी वळणं, वाटेत सोनपात्रा देवीचं देऊळ, कठड्यांवर माकडं, आणि पावसाळ्यात हाताच्या अंतरावरचं न दिसू देणारं धुकं. माथ्यावर आल्यावर एक गोष्ट लक्षात येते: पलीकडे उतार फारसा नाहीच. गाडी थोडी खाली येते आणि हेळवाकला कोयना समोर उभी. समुद्राकडून चढलेली उंची तशीच पठारावर टिकून राहते.

या रस्त्याच्या इतिहासाची गुरुकिल्ली याच रचनेत आहे. कोयना महाबळेश्वरजवळ उगम पावते आणि साठेक किलोमीटर सह्याद्रीच्या कण्याला समांतर, सरळ दक्षिणेला वाहते. हेळवाकला ती काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडची वाट धरते. याच ठिकाणी पश्चिमेकडून वाशिष्ठीचं खोरं डोंगराच्या पोटात खोल घुसलेलं आहे. म्हणजे दोन नद्या पाठीला पाठ लावून बसल्या आहेत, मध्ये फक्त डोंगराची अरुंद भिंत. एकीचं पात्र जवळपास समुद्रसपाटीला, दुसरीचं पावणेसहाशे मीटरच्या आसपास. तांडेवाल्यांच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा होता: एक चढ चढला की दोन्ही बाजूंना नदीकाठची मऊ वाट. अभियंत्यांच्या दृष्टीने अर्थ वेगळा होता: नदी अडवून डोंगरातून बोगदा काढला की पाणी पावणेपाचशे मीटरच्या आसपास कोसळवता येतं.

ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चर्चेत होती. प्रत्यक्ष काम स्वातंत्र्यानंतर, १९५४ च्या सुमारास सुरू झालं. १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं गेलं, सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवणारा शिवसागर जलाशय तयार झाला आणि १९६२ पासून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जनित्रं फिरू लागली. टप्प्याटप्प्याने कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉटपर्यंत गेली. १९९९ आणि २०१२ मध्ये जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाला आतून भोक पाडण्याचा ‘लेक टॅपिंग’चा प्रयोग इथे यशस्वी झाला. जलाशयाखाली शंभराच्या आसपास गावांची जमीन गेली. ती माणसं सोलापूर, रायगड, ठाणे, रत्नागिरी अशी विखुरली आणि त्यांच्या पुनर्वसनाची प्रकरणं पुढच्या पिढ्यांपर्यंत रेंगाळली.

घाटातल्या प्रवाशाला यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. तो वळणं घेत वर जात असतो, आणि त्याच डोंगराच्या पोटातून कृष्णेच्या खोऱ्याचं पाणी खाली कोकणात उतरत असतं. वीज करून झाल्यावर उरणाऱ्या त्या पाण्याला इकडे ‘अवजल’ म्हणतात. ते वाशिष्ठीत सोडलं जातं आणि चिपळूणवरून समुद्राला मिळतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने या पश्चिमेकडच्या वळवणीला वर्षाला ६७.५ टीएमसीची मुभा दिली. हा आकडा मनात ठेवून पुढे जावं, कारण रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तोच आकडा वेगळ्या सुरात ऐकू येतो.

११ डिसेंबर १९६७

कोयना धरण पुरं झाल्यावर काही वर्षांतच, त्या दिवशी पहाटे साडेचारच्या आत, कोयनानगर हादरलं. भूकंपाची तीव्रता सुमारे साडेसहा होती. दगडमातीची घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली. मृतांचा आकडा १८० च्या आसपास गेला, हजारो बेघर झाले. जनित्रं बंद पडल्याने मुंबईची वीजही गेली.

दख्खनचं पठार हे भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानलं जाई. ती समजूत त्या पहाटेने मोडली. मोठ्या जलाशयातल्या पाण्याच्या भारामुळे आणि खडकांच्या भेगांत झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबामुळे भूकंप चाळवले जाऊ शकतात, या अभ्यासात कोयना हे जगातलं एक प्रमुख उदाहरण ठरलं. धक्के तेव्हापासून थांबलेले नाहीत. बहुतेक सौम्य असतात, पाटण तालुक्यातल्या माणसाच्या सवयीचे. त्यांचा मागोवा घेण्यासाठी केंद्र सरकारने कराडजवळ हजारमाचीला, म्हणजे याच रस्त्यावर, एक संशोधन केंद्र उभारलं. गोठणे परिसरात तीन किलोमीटर खोल वेधन-विवर घेऊन बेसाल्टच्या थरांखालच्या मूळ खडकापर्यंत शास्त्रज्ञ पोचले. भूकंपाच्या उगमाजवळ जाऊन त्याला मोजायचं, असा हा प्रयत्न आहे.

कोयनेच्या काठाने

हेळवाकपासून कराडपर्यंत रस्ता आणि नदी बरोबर चालतात. उत्तरेला कोयना अभयारण्य आणि दक्षिणेला चांदोली राष्ट्रीय उद्यान. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. रस्ता या दोन जंगलांच्या मधल्या टापूतून जातो. रस्ता जसा माणसांना जोडतो तसा तो रात्री फिरणाऱ्या जनावरांची वाट कापतो. रुंदीकरणाच्या आराखड्यात हा मुद्दा तळटिपेत टाकण्यासारखा नाही.

नवजा आणि कोयनानगर ही राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात. पाटणला केरा नदी कोयनेला मिळते. तिथून वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग दिसते. सह्याद्रीच्या खिंडीतून पठारावर घुसणारा वारा हेही या अरुंद कण्याचंच देणं, आणि तोही इथे विजेत रूपांतरित होतो. नवारस्ता, मल्हारपेठ करत पुढे जावं तशी भातखाचरं मागे पडतात आणि ऊस सुरू होतो. हिवाळ्यात जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि कारखान्याच्या मळीचा वास आणणारी हवा. कोकणातला माणूस इथे आला की ‘घाटावर आलो’ म्हणतो. चिपळूणच्या मंडईतली भाजी आणि दुधाचे टँकर याच वाटेने खाली उतरतात, म्हणून दरड कोसळून घाट बंद झाला की दोन दिवसांत कोथिंबिरीचा भाव बातमी सांगतो.

कराडला वारुंजी फाट्यावर पुणे-बंगळूर महामार्ग भेटतो. इथे उत्तरेकडून कृष्णा आणि दक्षिणेकडून कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि मग पूर्वेला वळतात. तो प्रीतिसंगम. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. गाव फार जुनं. मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत करहाटकाचा, म्हणजे कराडचा, उल्लेख आहे आणि जवळच आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. किनाऱ्याकडून येणारा आणि खोऱ्यातून उत्तर-दक्षिण जाणारा असे दोन मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, तिथे व्यापारी असतात, आणि व्यापारी असतात तिथे लेणी कोरायला पैसा असतो.

कराडचं रेल्वे स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीला. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या पाठबळावर ओगले बंधूंनी इथे काचेचा कारखाना चालवला आणि त्यांचे ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचले. विजेच्या आधी अर्ध्या महाराष्ट्राने ज्या उजेडात अभ्यास केला, तो उजेड या रस्त्याच्या कडेला तयार होत होता. पुढे खेड्यांतले दिवे लावणारी वीज आली तीही याच रस्त्यावरून, साठ किलोमीटर मागून.

पाऊस संपतो तिथून पुढे

सुर्ली घाट हा लहानसा चढ. कुंभार्लीपुढे त्याला घाट म्हणायला कोकणी माणूस लाजेल. पण हवामानाच्या दृष्टीने दुसरी सीमा इथेच लागते. कराडच्या आसपास पाऊस सातशे मिलिमीटरवर आलेला असतो. कडेगाव, विटा, खानापूर, जत असं पूर्वेला सरकताना तो पाचशेच्या घरात येतो, आणि तोही भरवशाचा नाही. नवज्यातला ढग आणि जतमधला ढग एकाच मोसमी वाऱ्याचे. पण सह्याद्रीने त्याला आधीच पिळून घेतलेलं असतं. दोनशे किलोमीटरच्या आत पावसाची दहापट घट दाखवणारे रस्ते फार थोडे असतील.

इथल्या माणसांनी पावसाच्या तुटवड्यातून आपापल्या वाटा काढल्या. कडेगाव मोहरमच्या उंच ताबुतांसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्या उत्सवात हिंदू-मुसलमान दोघांचे हात लागतात. येरळा ओलांडून विटा येतं. विटा-खानापूर-आटपाडी भागातले लोक दुष्काळाला कंटाळून बाहेर पडले आणि सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात शिरले. आज देशातल्या शहराशहरांत सराफ कट्ट्याजवळ गलाईचं दुकान असतं आणि तिथला माणूस या पट्ट्यातला असण्याची शक्यता मोठी. गावाकडची पक्की घरं, देवळांचे कळस, शाळांच्या इमारती यांत केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंतचा पैसा आहे.

दुसरी वाट संघर्षाची. येरळेकाठच्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ‘बळीराजा स्मृती धरण’ स्वतःच्या पुढाकाराने बांधलं आणि पाण्याच्या समान वाटपाचा आग्रह धरला. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी त्या चळवळीचं नेतृत्व केलं. कराडजवळच्या टेंभू गावी, म्हणजे गोपाळ गणेश आगरकरांच्या जन्मगावी, कृष्णेवर बंधारा घालून पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर उचलण्याची योजना आखली गेली. ते पाणी कडेगाव, खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत जातं. पश्चिमेला तेच खोरं गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर पाणी खाली सोडून वीज कमावतं आणि पूर्वेला वीज खर्च करून पाणी वर चढवतं. एकाच रस्त्यावरच्या दोन टोकांचा हा जमाखर्च आहे. अवजलाचा ६७.५ टीएमसीचा आकडा दुष्काळी पट्ट्यातल्या सभांमध्ये का टोचतो, ते इथे उभं राहिल्यावर कळतं. पण हे पाणी पूर्वेला वळवलं तर राज्याला गरज पडेल त्या क्षणी मिळणारी स्वस्त वीज जाते, आणि वाशिष्ठीकाठच्या गावांचं उन्हाळ्यातलं पाणीही. दोन्ही बाजूंच्या हिशेबात तथ्य आहे, म्हणून तो वाद लवकर मिटणारा नाही.

खानापूर, भिवघाट करत रस्ता नागजला रत्नागिरी-नागपूर महामार्ग ओलांडतो आणि जतकडे निघतो. जत हे डफळ्यांचं संस्थान. या घराण्याचा उदय विजापूरच्या चाकरीत झाला आणि संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. यल्लम्माच्या जत्रेतला खिलार बैलांचा बाजार, माडग्याळ मेंढी, द्राक्ष-डाळिंबाच्या बागा आणि घरात कानडी, शाळेत मराठी बोलणारी मुलं, हे जतचं रूप. तालुक्याच्या पूर्व भागाला पाणी पोचायला इतका उशीर झाला की २०२२ च्या अखेरीस सीमाप्रश्न तिथे पाण्याच्या भाषेत पेटला. कर्नाटकाने आपल्या योजनेतलं पाणी सीमेपलीकडच्या तलावात सोडून दाखवलं, आणि मग महाराष्ट्राचीही म्हैसाळ उपसा योजनेच्या विस्ताराची लगबग वाढली.

जतपुढे काळ्या मातीची सपाटी आणि शेवटी विजापूर. १६५६ च्या सुमारास पुरा झालेला गोलघुमट दुरूनच दिसतो. त्याची भव्यता सगळे बघतात. पण या रस्त्याच्या दृष्टीने पाहण्यासारखं आहे ते जमिनीखाली. दुष्काळी पठारावर लाखोंची राजधानी पोसण्यासाठी आदिलशहांनी तोरवीहून आणि बेगम तलावातून भुयारी नळांनी शहरात पाणी आणलं होतं. दाब कमी करण्यासाठी वाटेत दगडी बुरुज उभारले होते. पाणी लांबून आणल्याशिवाय या भागात मोठं काही उभं राहत नाही, हे टेंभूच्या तीनशे वर्षं आधी इथे कळलेलं होतं.

मोजमाप कशाने करायचं

रस्ता किती रुंद करायचा हे आज रोज त्यावरून किती वाहनं जातात यावर ठरतं. त्या मोजणीत उभे रस्ते नेहमी जिंकतात, कारण ते मुंबईला जातात. आडवे रस्ते मागे पडतात. चिपळूण-कराड रेल्वेची चर्चा वर्षानुवर्षं होते आणि मार्ग अजून झालेला नाही, त्यामागे हेच गणित आहे. मात्र वाहनांची संख्या कालची गोष्ट सांगते. रेल्वे आली तेव्हा या घाटातली रहदारी घटली आणि त्यामुळे घाटाची किंमत कमी झाली असं सगळ्यांनी गृहीत धरलं. प्रत्यक्षात त्यानंतरच इथून पाणी, वीज, वारा, नैसर्गिक वायू यांची उलाढाल सुरू झाली.

राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा दगड लागल्यावर कराडच्या पूर्वेला रुंद काँक्रीट आलं, जुनी सावली देणारी झाडं गेली. घाटात तसं करता येणार नाही आणि करूही नये. तिथे डोंगर जितका कापावा तितक्या दरडी वाढतात. तिथल्या कामाचा कस पाण्याच्या चरांत, संरक्षक भिंतींत, जनावरांसाठी ठेवलेल्या वाटांत आणि वर्षभर देखभाल करणाऱ्या माणसांत लागेल.

अतिवृष्टीचा आणि अवर्षणाचा प्रदेश एकाच रस्त्यावर असणं ही या राज्याच्या हातची मोठी सोय आहे. एकाकडे पाणी आणि बंदर आहे, दुसऱ्याकडे जमीन, ऊन आणि देशभर पसरलेली कष्टाळू माणसं. द्राक्षं आणि डाळिंबं किनाऱ्यावरून परदेशी जावीत, आणि पाण्याचा हिशेब दोन्ही टोकांनी एका टेबलावर बसून करावा, तर त्यासाठी आधी ही दोन टोकं एकमेकांच्या रोजच्या पल्ल्यात असावी लागतात. मुंबईला वळसा न घालता ती जोडणारा मार्ग दाभोळ-विजापूरच्या काळापासून आखलेला आहे. नव्या क्रमांकाने त्याला पैसा मिळेल. त्याचं जुनं काम परत द्यायचं की नाही, हे आराखडे करणाऱ्यांनी ठरवायचं आहे.